मागच्या चाकांवरचे उपचार

२ फेब्रुवारी, रविवार

आज जेवणाच्या टेबलावर मी गाडी पणाला लावली. नुसतं सूप प्यायलो होतो, त्यामुळे दोष ढकलायला दुसरं काही सापडत नाही.

साडू आले होते, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. विमा विकतात. गेल्या वर्षी घाटाच्या शर्यतीत त्यांच्या बाजारहाटाच्या गाडीने माझ्या दोन दारांच्या, टर्बोवाल्या गाडीला मागे टाकलं. तेव्हापासून हा विषय ते मिठासारखा प्रत्येक जेवणात टाकतात. आज म्हणाले, "डॉक्टर, गाडी विकायची झाली की आधी मला सांगा. बिचारीला एकदा चालवणारा मिळू दे."

माझ्या कानशिलात रक्त चढलं. मी म्हणालो, "यंदा माझी गाडी तुमच्या मागे राहिली, तर किल्ली तुमच्या हातात. भाव तुम्हीच ठरवा."

बायकोने वाढता वाढता पळी थांबवली. "म्हणजे गाडी मागे राहिली तर. असंच ना?"

"असंच."

"नाही, नीट कळलेलं बरं."

"मी ऐकलं हं," आई पलीकडून म्हणाली. आईला एरवी दाराची घंटा ऐकू येत नाही.

सगळे झोपायला गेले आणि मला घाम फुटला. ही गाडी म्हणजे माझा जीव आहे. मी दातांना तारा लावणारा माणूस. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात असतो. गाडीत बसलो की कोणी 'आ' करत नाही. ती साडूंच्या दारात, विम्याच्या जाहिरातीचं स्टिकर लावून उभी आहे, असं चित्र डोळ्यांपुढून हलेना. प्रत्येक रुग्णाची ठेवतो तशी आता गाडीची रोजची नोंद ठेवणार आहे. निदान, उपचार, सुधारणा. शर्यत मार्चच्या मध्यावर आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

निदान झालं. गेल्या वर्षी स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवली, तेव्हापासून मागची दोन्ही चाकं वरच्या बाजूने आत कलली आहेत. टायर आतल्या कडेला झिजून गुळगुळीत झालेत. असे आत पडलेले दात मी रोज बघतो. कंपनीने लावलेले आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी बांधून ठेवणारे लोखंडी दांडे, ठरलेल्या लांबीचे असतात. त्यांच्या जागी लांबी कमी-जास्त करता येणारे आर्म बसवायचे. प्रत्येक मागच्या चाकाला दोन: एक चाकाचा कल ठरवणारा, दुसरा चाकाचं तोंड कुठे वळलंय ते ठरवणारा.

गेल्या वर्षीचा पराभव हा कॅम्बरचा, म्हणजे चाकांच्या कलाचा, पराभव होता, असं बायकोला सांगितलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ती म्हणाली.

मी तिला खाली नेलं आणि ओळंबा लावून दाखवला. अंगण खरंच वाकडं होतं. तिने गुडघे टेकून बराच वेळ टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. तिला गाडीचा तिटकारा आहे, पण वाद हरली की मान्य करते, हा तिचा चांगुलपणा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कोणते आर्म घ्यायचे यावर आठवडा गेला. काहींच्या टोकांना रबराचे बुश, म्हणजे जाड कडी, असतात: आवाज नाही, पण रबर दबतं आणि चाक जरासं हलतं. काहींना लोखंडी गोळीचा सांधा: चाक तसूभर हलत नाही, पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा पाठीच्या कण्यात कळतो. शिवाय निळे की लाल, हाही प्रश्न आहेच. दवाखान्यात एका मुलीच्या तारा आवळताना मी तिलाच विचारलं. तोंडात आरसा असल्यामुळे तिचं उत्तर नीट कळलं नाही, पण सूर निळ्याचा होता.

आई म्हणाली, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला."

बायको तिच्या कचेरीतलं काम घेऊन बसली होती. ती नकाशे काढते. हल्ली कसलातरी वळणावळणाचा रस्ता काढत असते. मान वर न करता म्हणाली, "ज्यांची लांबी गाडीवर असतानाच मधला नट फिरवून बदलता येते, ते घे. नाहीतर दर वेळी बोल्ट काढत बसशील. आणि कलाच्या आर्मला रबर, तोंडाच्या आर्मला गोळी. तोंड हललं की गाडी वळणात झुलते."

हे तिने कुठूनतरी वाचलं असावं. मी स्वतंत्रपणे विचार करून तासाभराने त्याच निष्कर्षाला आलो. निळे मागवले.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज शस्त्रक्रिया. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गाडी स्टँडवर चढवली, चाकं काढली. बायको सकाळी लवकर पोहायला गेली होती. हे नवीन खूळ. दर रविवारी जाते. परत आली तेव्हा केस कोरडे होते. टोपी घालते म्हणाली.

डावीकडचा आतला बोल्ट गंजून धरला होता. मी सवयीने त्याला "थोडंसं दुखेल हं" असंही म्हणालो. तो ढिम्म. तेल सोडलं, वाट पाहिली, पान्ह्याला पाइप लावून जोर केला, तर मीच सरकून शेजाऱ्यांच्या गाडीखाली गेलो. बायको म्हणाली, "सरक जरा." हातोडीचे दोन ठोके दिले आणि बोल्ट सुटला. अर्थात सैल मी आधीच करून ठेवला होता.

दुपारपर्यंत चारही आर्म बसले. काय दिसतात! मी चाकं हवेत असतानाच सगळे बोल्ट घट्ट आवळून टाकले. तिने विचारलं, "चाक लोंबकळत असताना आवळलेस तर खाली उतरवल्यावर रबर पिळलं जाणार नाही का?"

मी तिला हसून म्हणालो, "रबर आहे ते. पिळलं जाणं हाच त्याचा धर्म."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी कुरकुरते. गतिरोधकावरून उतरताना जुन्या पलंगासारखा आवाज येतो. शेजारचे काका गच्चीतून बघून हसले. नवीन आर्मना रुळायला वेळ लागतो, असं मी त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने स्वतःला सांगितलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कुरकुर थांबली! मी काहीच केलं नाही. म्हटलं नव्हतं, रुळायला वेळ लागतो?

संध्याकाळी आडवा होऊन पाहिलं, तर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर एक नाजूक गुलाबी रेघ ओढलेली आहे. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसेल, अशी सोय. बसवताना माझ्या लक्षात आली नव्हती. कारखान्यातूनच अशी खूण करून पाठवतात, दर्जा यालाच म्हणतात. बायकोला मुद्दाम दाखवली. ती बराच वेळ खोकत होती. पोहण्याने घसा धरला असेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कल आणि तोंड मोजून जुळवणं, करून आणली. शहराबाहेर एकजण शर्यतीच्या गाड्यांचंच काम करतो. मोठा तोंडाळ. वाटेत बायको म्हणाली, "पुढून डावीकडे." मी विचारलं, "तुला काय माहीत?" म्हणाली, "नकाशे कोण काढतं?" ते पटलं.

गाडी चार फळ्यांवर चढवून तो म्हणाला, "चालवणारा सीटवर बसू दे. जेवढं त्याचं वजन, तेवढ्याने गाडी दबली पाहिजे, तरच चाकाचा कल खरा कळतो. आणि हलायचं नाही."

मी बसलो. पण आकडे समोरच्या पडद्यावर उमटत होते आणि मला अर्धेच दिसत होते. मी उतरून पाहून आलो. पुन्हा बसलो. पुन्हा उतरलो. तोंडाचा आकडा मला पटेना, म्हणून त्याला दोन शब्द समजावले.

"डॉक्टर," तो म्हणाला, "मी तुमच्या खुर्चीत बसून असा उठबस करत राहिलो तर तुम्ही माझे दात कुठे लावाल?"

"मी बसते," बायको म्हणाली, आणि बसलीसुद्धा. पुतळ्यासारखी, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

मी म्हणालो, "अहो, पण वजनात थोडा फरक आहे." हे सौम्य विधान होतं. ती म्हणजे पीस; मी जिन्याने वर आलो की कळतं मी आलोय.

"चालवणाऱ्याचं वजन पाहिजे," तो बायकोकडे बघत म्हणाला.

"मग बरोबर आहे. करा तुम्ही," ती म्हणाली.

म्हटलं, जाऊ दे, थट्टेला थट्टा. मला पडदा तरी नीट बघता आला. काम झाल्यावर तो म्हणाला, "ताई, तुम्ही छान स्थिर बसता. त्या दिवशीपण..." आणि एकदम हवेच्या नळीत काहीतरी अडकलंय का बघायला लगबगीने आत गेला. अशा गडबड्या माणसाकडे लोक जातात तरी कसे!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

अलाइनमेंटवाल्याचे आकडे माझ्या मनाला येत नाहीत. गाडी माझ्याखाली उजवीकडे जड वाटते. पण एकदम बदल करायचा नाही, हे आमच्या शास्त्राचं पहिलं सूत्र. दात एका दिवसात सरकवला तर मुळासकट हातात येतो. थोडा ताण द्यायचा, थांबायचं, पुन्हा थोडा. त्याच पद्धतीने रोज संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर कलाच्या आर्मला पाव फेरा द्यायचा असं ठरवलं. आज मधल्या नटला पहिला पाव फेरा दिला; त्याच्यावरही एक गुलाबी रेघ होती, ती तुटली. रुग्णाने सहकार्य केलं.

२ मार्च, रविवार

विलक्षण प्रकार. रोज संध्याकाळी मी पाव फेरा देतो आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर गुलाबी रेघा पुन्हा जुळलेल्या! आर्म मूळ लांबीवर परत जातात.

कोणी दुसरा असता तर चक्रावला असता. मी नाही. दातांचं हेच असतं; तारा काढल्या की ते आपल्या जुन्या जागी परत सरकायला बघतात, म्हणून आम्ही रात्री घालायला रिटेनर देतो. लोखंडालाही स्मरण असलं पाहिजे. आर्म बनवणाऱ्यांना हे सविस्तर कळवलं आणि रिटेनरची एक आकृतीही काढून पाठवली.

बायको पोहून आली. तिच्या तळहाताला फोड आला आहे. पाण्याने कातडी मऊ पडते म्हणाली.

५ मार्च, बुधवार

आर्मवाल्यांचं उत्तर आलं: "पोलाद असं करत नाही. गाडीला अजून कोणी हात लावतं का, पाहावं." व्यापारी लोक. संशोधनाची आस्था नाही.

आणखी निरीक्षणं: पेट्रोल हिशेबापेक्षा लवकर संपतं. गाडीखाली कागद पसरून ठेवला, गळती नाही. आरसा आपोआप खाली झुकतो; स्क्रू ढिला असावा. आणि आज दवाखाना लवकर सुटला म्हणून दुपारीच घरी आलो, तर टायर चक्क गरम. उन्हात नसताना! नवीन रबर ऊब किती धरून ठेवतं बघा. बायको घरी नव्हती. आई म्हणाली ब्रेड आणायला गेलीय. मग बायको जिन्याने वर आली, ब्रेडशिवाय. दुकान बंद होतं.

९ मार्च, रविवार

आज बायकोला जबरदस्तीने घाटात नेलं. तिला न्यायची इच्छा होती असं नाही, पण गाडी जाणार असेल तर बायकोने एकदा तरी गाडीच्या अंगात काय आहे ते बघावं असं मला वाटलं. आणि कोणीतरी 'वा' म्हणावं असंही वाटलं.

ती दाराची मूठ धरून बसली. प्रत्येक वळणाआधी, मी ब्रेक दाबण्याच्या कितीतरी आधीच तिचा पाय खाली दाबला जायचा, आणि मी अजून वळणाच्या मध्यावर असताना तो उचललेला असायचा. इतकी घाबरली होती. तिसऱ्या वळणात मागची चाकं सुटली आणि गाडी रस्त्यात आडवी झाली. मागून कोणी येत नव्हतं म्हणून निभावलं. मला स्टिअरिंग सोडवेना. तिने उतरून मागचे टायर पाहिले आणि परत येऊन बसली.

"आर्म पुन्हा मूळ जागी गेले असणार," मी म्हणालो.

तिने काच खाली केली. मग म्हणाली, "तुला ही गाडी खरंच इतकी हवी आहे?"

"खूप."

"माहीत आहे मला ते," ती म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवला. गाडी विकायला माझ्या मनाची तयारी करून घेत असावी. मला भडभडून आलं.

१३ मार्च, गुरुवार

शर्यतीच्या आयोजकांचा फोन. "दुसऱ्या चालकाचं हेल्मेट तपासायचं राहिलंय, घेऊन या." मी सांगितलं, आमच्याकडे दुसरा चालक नाही. ते कागद चाळत "बरं बरं" म्हणाले. एका गाडीला दोन फेऱ्या मिळतात, चांगली वेळ धरतात, आणि बाप-लेक किंवा मित्र मित्र मिळून एकच गाडी पळवतात. अशा कुणा दुसऱ्याशी आमची गल्लत झाली असणार. सगळा सावळागोंधळ.

साडूंचाही फोन आला. गाडीचा रंग त्यांना बदलायचा आहे. करडा करणार म्हणाले. फोन ठेवल्यावर मी खाली जाऊन नुसता गाडीत बसून राहिलो.

१६ मार्च, रविवार

आज काय झालं ते क्रमाने लिहितो.

घाटाच्या पायथ्याशी सगळे जमलो: आम्ही, साडू आणि मेहुणी, आणि घडीच्या खुर्चीत आई. साडूंनी पहिली फेरी झकास मारली. मग मी. रात्री नुकताच पाव फेरा दिलेला होता, मनात सगळे आकडे पाठ होते. पहिलं वळण बरं गेलं. दुसऱ्याला उशीर झाला. तिसऱ्याला गाडी पुन्हा आडवी निघाली, मी घाबरून पाय काढला आणि वरपर्यंत दूध पोचवायला निघाल्यासारखा गेलो. लाउडस्पीकरवर वेळ सांगितली. साडूंच्या किती मागे, ते लिहायचीही लाज वाटते.

साडूंनी दुसरी फेरीही आटोपली. त्यांची पहिलीच वेळ चांगली ठरली. मग ते माझ्या गाडीभोवती फिरू लागले. हळूच टपावर हात ठेवला. गाडी अजून माझी होती.

मी आर्म पुन्हा आवळायला जमिनीवर आडवा झालो. बायको आधीच तिथे होती, हातात पान्हा, माझा कालचा पाव फेरा उलटा फिरवत. एकेक पाव फेरा, दोन्ही बाजूंना सारखा. रेघा जुळल्या. तिने रेघेवरून बोट फिरवत मला दाखवलं, "बघ, बरोबर आली." आणि मला तिचं नख दिसलं. गुलाबी. तोच गुलाबी.

मी तिथेच गाडीखाली पडून राहिलो. पलंगाची कुरकुर, ब्रेड, पेट्रोल, टायरची ऊब, सगळं एकामागून एक माझ्या छातीवर येऊन बसलं. लोखंडाला स्मरण नसतं.

"दुसरी फेरी मी घेते," ती म्हणाली. "माझं नाव दिलेलं आहे."

"पण आपली पैज..."

"गाडीची आहे. मी तेव्हाच नीट विचारून घेतलं होतं."

किल्ली माझ्या खिशात होती. फेरी मी घेऊ शकत होतो. पहिला हक्क माझाच. खरं सांगायचं तर क्षणभर वाटलं, हरलो तर हरलो, पण मी हरेन. सगळ्यांसमोर बायकोने येऊन जिंकण्यापेक्षा ते बरं. इतका कोता विचार माझ्या मनात आला, तो इथे लिहून ठेवतो. मग किल्ली दिली.

ती गेली. आवाज पहिल्या वळणामागे गेला, दुसऱ्यामागे गेला. तिसऱ्यावर टायर किंचाळले आणि मग काहीच ऐकू येईना. माझ्या मनात गाडी नव्हतीच. म्हटलं, साडूंना गाडी द्या, करडी रंगवा, हवं तर त्यात विमा विका, पण ही धड खाली येऊ दे. इतका घाबरलो मी उभ्या आयुष्यात नाही.

लाउडस्पीकर खरखरला. वेळ सांगितली. साडूंपेक्षा कमी. बरीच कमी.

"हे चालायचं नाही!" साडू म्हणाले. "पैज डॉक्टरांशी होती."

"गाडी म्हणाला होता तो," आई खुर्चीतून म्हणाली. "मी ऐकलंय. आणि गेला दीड महिना ब्रेड आणायला पाठवतेय मी तिला, ते काय उगाच?"

लोक येऊन माझे हात हलवू लागले. "डॉक्टर, काय बसवलीय गाडी! कोणते आर्म?" निळे, असं तोंडावर आलं होतं. पण म्हणालो, "गाडी बायकोने बसवली. चालवलीही तिनेच. मी तारा लावतो फक्त." हे बोलताना जितकं जड जाईल असं वाटलं होतं तितकं गेलं नाही.

ती खाली आली. हेल्मेट काढलं, केस घामाने चिकटलेले, आणि तोंडभर हसू. असं हसताना मी तिला शेवटचं केव्हा पाहिलं ते आठवेना. मी सवयीने चालकाच्या दाराशी गेलो. तिने मान हलवून पलीकडचं दार दाखवलं.

मी पलीकडून बसलो. गुडघे डॅशबोर्डला टेकले, हनुवटी गुडघ्यांना. घाट उतरताना मी विचारलं, "आणि दर रविवारी पोहायला जायचीस ते?"

"मला पोहता येत नाही," ती म्हणाली. "लग्नाला अठरा वर्षं झाली."

 पुढच्या वळणाला गुडघे इतके आपटले की मी सीट मागे सरकवायचा खटका शोधू लागलो. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. इतकी वर्षं ही गाडी माझी, आणि या सीटचा खटका कुठे आहे ते मला माहीत नव्हतं, कारण मी इथे कधी बसलोच नव्हतो.

तिने गाडी कडेला घेतली, माझ्या पायांशी वाकली आणि खटका ओढला. सीट मागे गेली.

"आता बरं आहे?"

"हो," मी म्हणालो. "आता दिसतंय."